दोन बगीच्यांतला सायला

मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. सकाळपासून लोकांची बोटं टोचायची, शिरेतून रक्त घ्यायचं, काचपट्ट्या रंगवायच्या आणि मग मान खाली घालून सूक्ष्मदर्शकात पाहत बसायचं. संध्याकाळी स्कूटी काढायची आणि हिवरा आश्रमच्या रस्त्यानं घरी यायचं. आमचं घर गावाबाहेर, वावरातच आहे. घरी आलं की हातपाय धुण्याआधी माझे मालक विचारायचे, "पाहतं का जरा? मले आता बारीक दिसत नाही." मग मी पर्स ओट्यावर टाकायची, चष्मा पुसायचा आणि संत्र्याच्या झाडाची कोवळी फांदी हातात घेऊन त्यात सायला आहे का ते पाहायचं. दिवसभर माणसांच्या रक्तातलं बारीक शोधायचं आणि संध्याकाळी झाडांवरचं. दोन-तीन वर्षं माझं असंच चाललं. त्या दिवसांची आठवण काढली की मला आधी मान दुखल्याचं आठवतं आणि बाकीचं सगळं मागून येतं.

सायला म्हणजे तिळाएवढा एक किडा. बुड वर करून, डोकं पानाला टेकवून तिरपा बसतो. बोट जवळ नेलं की टुणकन उडी मारतो आणि शेजारच्या पानावर जाऊन पुन्हा तसाच तिरपा बसतो. झाडाला नवती फुटली, म्हणजे नवी कोवळी पालवी आली, की तिच्या घड्यांत तो पिवळी अंडी घालतो. त्यातून निघालेली पिल्लं चपटी आणि पिवळसर असतात. ती तिथंच चिकटून रस शोषतात आणि मागून पांढरे, दोऱ्यासारखे वेटोळे सोडतात. पानं मुरडतात, शेंडे वाळतात. एवढंच असतं तर कोणी फार मनावर घेतलं नसतं. पण हा किडा एका आजारी झाडाचा रोग तोंडात घेऊन चांगल्या झाडाला देतो. त्या रोगाला औषध नाही. पानांवर वेडेवाकडे पिवळे डाग पडतात, फळ एका अंगानं बसकं होतं, खालून हिरवंच राहतं आणि चव कडू होते. मग झाड शेंड्याकडून खाली मरत येतं.

बगीचा माझ्या सासऱ्यांनी लावलेला. ते सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते. आमच्या घराण्यात स्वतःचं वावर घेणारे ते पहिले. नोकरी संपल्यावर त्यांनी हे वावर घेतलं, मधोमध विहीर खणली आणि सगळीकडे संत्रा लावली. मोठा मुलगा, म्हणजे माझे भासरे, दहावीनंतर शाळा सोडून बापाबरोबर खड्डे खणायला लागला. धाकट्यानं, म्हणजे माझ्या मालकांनी, बी.ए. केलं, नोकरीसाठी बरेच हातपाय मारले आणि शेवटी तेही वावरात आले. सासरे गेल्यावर वाटणी झाली. धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, बगीच्याच्या मधून गेला. झाडांच्या एका ओळीपासून इकडचं आमचं, तिकडचं भासऱ्यांचं. घरं दोन, जवळजवळ. विहीर मात्र धुऱ्यावर आली आणि दोघांची राहिली.

त्या विहिरीवरूनच बिनसलं. उन्हाळ्यात शेतीच्या लाइनीची, म्हणजे विजेची, वेळ बदलली. कोणत्या दिवशी कोणाची पाळी हे मग कोणालाच नीट कळेना. भासरे म्हणाले आज माझी पाळी, हे म्हणाले माझी. खरं सांगायचं तर दोघंही आपापल्या हिशेबानं बरोबर होते. पण मोटर बंद झाली, पाइप ओढला गेला, गावातली चार माणसं जमली. आणि त्या चार माणसांसमोर माझे मालक आपल्या भावाला म्हणाले, "बापाच्या जाग्यावर बसाले निघाला तू. बापासारखं एक तरी काम केलं का?"

ज्यानं शाळा सोडून बापाबरोबर खड्डे खणले त्याला हे बोलणं कसं लागलं असेल ते सांगायला नको. भासऱ्यांनी हातातला पाइप खाली टाकला. मग म्हणाले, "आजपासून तू मले नाही अन् मी तुले नाही." आणि घरात निघून गेले.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. बुद्धपौर्णिमेला विहारात दोघं जायचे आणि दोन कोपऱ्यांत बसायचे. सासूबाई मोठ्याकडे राहायच्या, पण दुपारी काठी टेकत आमच्याकडे यायच्या, चहा घ्यायच्या आणि परत जायच्या. येताना तिकडचं काही सांगायच्या नाहीत, जाताना इकडचं काही नेत नसत. आम्हा दोघी जावांचंही येणंजाणं थांबलं. फक्त विहिरीजवळ सासूबाईंनी लावलेलं गोडनिंबाचं झाड होतं. कढीपत्त्याला आमच्याकडे गोडनिंब म्हणतात. ते झाड दोघींच्या स्वयंपाकाला लागायचं. तिथं कधी गाठ पडली तर "जेवण झालं का", "पोरीचा फोन आलता का" एवढं बोलणं व्हायचं. मग दोघी आपापल्या दारात.

फवारणीचं काम आधी दोघं भाऊ मिळून करायचे. आमच्याकडे मोठा पंप आहे. टाकीत औषध कालवायचं, पंप चालू करायचा, एकानं गन धरून झाड भिजवायचं आणि दुसऱ्यानं मागून नळी ओढत न्यायची. लांब नळी औषधानं भरली की जड होते, झाडांच्या बुडांना अडकते. एकट्यानं ते होत नाही. अबोला झाल्यावर भासऱ्यांनी वेगळा पंप घेतला आणि गावातून मजूर लावायला सुरुवात केली. आमच्याकडे मजूर मिळाला तर मिळाला, नाहीतर नळी मी ओढायची. रविवारी सकाळी तोंडाला ओढणी गुंडाळून, जुना सलवार-कुडता घालून मी नळी ओढायला उभी राहायचे. सोमवारी दवाखान्यात सुई धरताना हाताची बोटं आखडलेली असायची. सोबतची नर्स विचारायची, काय झालं. मी म्हणायचे, कपडे धुतले.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला भरपूर नवती आली आणि तिच्यात सायला दिसला. आम्ही लगेच फवारलं. आठवडाभर झाडं साफ. नंतर पाहिलं तर पुन्हा तेच, तिरपे बसलेले, बोट नेलं की उडणारे. पुन्हा फवारलं. मालकांना वाटलं औषध बनावट आहे. दुसरं आणलं. तरी तेच. तिकडे भासरेही फवारत होते. त्यांच्या पंपाचा आवाज यायचा तेव्हा आमच्याकडे शांत असायचं आणि आमचा पंप चालू असायचा तेव्हा ते घरात बसलेले असायचे. हिवाळ्याच्या नवतीला पुन्हा तोच प्रकार झाला. धुऱ्याजवळच्या ओळीत काही झाडांची पानं पिवळी दिसायला लागली. मालक म्हणायचे, खत कमी पडलं. माझ्यात बोलायचं त्राण नसायचं.

मग कृषी खात्यातली एक मुलगी आली. नव्यानं रुजू झालेली, माझ्या मुलीएवढी. ती आमच्याकडे आली आणि भासऱ्यांकडेही गेली. दोन्हीकडची पानं तिनं उन्हात धरून पाहिली. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली आणि पडलेले सायले मला दाखवले. म्हणाली, "काकू, हा किडा वाटणी मानत नाही. तुम्ही मारता तेव्हा तिकडे जातो, ते मारतात तेव्हा इकडे येतो. दोन्ही बगीचे एकाच दिवशी फवारले नाहीत तर हे सगळं औषध वाया." आणि जाताना विहिरीजवळ थांबून तिनं गोडनिंबाची कोवळी पानं उलटून पाहिली. म्हणाली, हे पण संत्र्याच्याच कुळातलं झाड आहे. संत्र्याला नवती नसते तेव्हा सायला ह्याच्यावर राहतो. हे काढावं लागेल.

मला तिचं म्हणणं पटायला वेळ लागला नाही. दवाखान्यात मलेरियाचा एक पेशंट निघाला तर आम्ही त्या एका घरात फवारून थांबत नाही. सगळी वस्ती फवारतात, सगळ्यांचं रक्त घेतात. डासाला कोणाचा उंबरठा माहीत नसतो. पण गोडनिंबाचं मात्र मला खरं वाटेना. मी एक कोवळा शेंडा डबीत घालून दवाखान्यात नेला. दुपारी पेशंट ओसरल्यावर तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पिल्लं होती. लाल डोळ्यांची, चपटी, एकमेकांना खेटून बसलेली, मागून पांढरे दोरे. डॉक्टर आत आले आणि म्हणाले, कोणाचा रिपोर्ट बघताय? मी म्हटलं, आमच्या सासूबाईंच्या झाडाचा. ते हसले आणि गेले. मी पट्टी बाजूला ठेवली. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी मालकांना सांगितलं की भावाशी बोलावं लागेल. ते ताटावर बसले होते. बराच वेळ भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "माह्याकून नाही होत." मी म्हटलं, बगीचा जाईल. ते म्हणाले, जाऊ दे. पण त्यांनी ते अर्धं जेवण तसंच ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले. मला कळत होतं की बोलायची इच्छा नाही असं नाही. त्या चार माणसांसमोर जे बोलून गेले होते, ते परत घ्यायचं कुठून, हे त्यांना सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गोडनिंबाजवळ जावेची वाट पाहिली. ती आली, मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्याहून मोठी, बोलायला कमी, कामाला वाघीण. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, विचारून पाहते. तीन-चार दिवसांनी ती परत भेटली तेव्हा मान हलवली. भासरे म्हणाले होते, त्याला यायचं तर येऊ दे, मी जाणार नाही. आणि इकडे हे तेच म्हणत होते. आम्ही दोघी झाडाखाली उभ्या होतो. तिच्या हातात गोडनिंबाची डहाळी होती. ती पानं ओरपत होती, पण पदरात घेत नव्हती, खाली टाकत होती.

"दोघं बी येत नसन तं नसो येत," ती म्हणाली. "रविवारी आपन दोघी मारू. तू नळी ओढजो, मी गन धरतो."

मला वाटलं ती रागात बोलतेय. म्हटलं, तुम्ही कधी धरली गन? ती म्हणाली, "न धराले का झालं? पानी मारनं तं हाय."

रविवारी सकाळी ती खरंच आली. नवऱ्याचा जुना शर्ट लुगड्यावर चढवलेला, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा बांधलेला. नुसते डोळे दिसत होते. मालक औषध कालवत होते. वहिनीला पाहून त्यांच्या हातातली काठी थांबली. तिनं गन उचलली आणि मला म्हणाली, चाल. आम्ही धुऱ्यापासूनच सुरुवात केली, आमच्या बाजूच्या पहिल्या ओळीपासून. तिचा हात लवकर बसला. आतून, खालून, शेंड्यावर, ती झाड ओलं करत होती. मी मागून नळी ओढत होते. ओळ संपली. ती वळली आणि न थांबता धुरा ओलांडून आपल्या बगीच्यात शिरली. पंप आमचा, औषध आमचं, झाड त्यांचं. मी नळी ओढत मागे गेले. त्या धुऱ्यापलीकडे मी किती दिवसांनी पाय टाकला होता.

भासरे ओट्यावर दाढी करत होते. आरशातून त्यांना दिसलं असावं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते आले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी बायकोच्या हातातून गन घेतली, तिला बाजूला केलं आणि पुढच्या झाडावर मारायला लागले. गालावरचा साबण वाळत होता. जाऊ उभी राहून दम घेत होती. मी नळी ओढत राहिले. दोन-तीन झाडं झाली असतील, माझ्या हातातली नळी हलकी झाली. वळून पाहिलं तर मालक मागे होते. त्यांनी मला हातानं बाजूला हो अशी खूण केली.

आम्ही दोघी ओट्यावर जाऊन बसलो. दोघं भाऊ एक अक्षर न बोलता ओळीमागून ओळ करत गेले. मध्ये एकदा नळी बुडाला अडकली. भासरे मागे न पाहता म्हणाले, "ढील दे." मालकांनी ढील दिली. त्या दिवशी दोघांचं बोलणं झालं ते एवढंच. दुपारी काम संपलं तेव्हा भासरे विहिरीवर तोंड धुवून घरात गेले, हे पंप धुवायला बसले. पण पुढच्या वेळी कधी फवारायचं हे सासूबाईंनी दोन्ही घरांत येऊन सांगितलं. कोणाचा निरोप म्हणून सांगितलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

गोडनिंबाचं काम मात्र कोणी काढेना. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं. शेवटी मीच सासूबाईंना सांगितलं, सूक्ष्मदर्शकात काय पाहिलं तेही सांगितलं. त्या ऐंशीच्या पुढच्या. त्यांना किडा दिसला नसता. त्यांनी विचारलं, "तुवा सोताच्या डोयानं पाह्यलं?" मी हो म्हटलं. "मंग काऊन थांबले? तोडा." एवढं बोलून त्या चहा प्यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी भासऱ्यांनी कुऱ्हाड घातली, मालकांनी फांद्या ओढून बांधाच्या कडेला नेल्या, मुळं खणली. फुटवा येऊ नये म्हणून खोल खणावं लागलं. सासूबाई त्या दिवशी आमच्याकडे आल्या नाहीत. जाऊ पदराच्या ओच्यात शेवटची पानं घेऊन आली आणि अर्धी मला दिली. आम्ही ती वाळवून ठेवली. नंतर बाजारातून आणायला लागलो. बाजारची जुडी दोन दिवसांत काळी पडते.

दोन नवत्या आम्ही एकत्र फवारल्या. सायला खरंच कमी झाला. पिवळे चिकट कागद झाडांना टांगले होते, त्यांच्यावर सुरुवातीला दाट किडे चिकटायचे, नंतर विरळ झाले. मला वाटलं सुटलो. पण ज्या झाडांत रोग आधीच शिरला होता ती झाडं कशी सुटणार? भासऱ्यांचा बगीचा सखल भागात. तिथं रोग आधीपासून जास्त होता. त्यांची झाडं एकामागून एक शेंड्यानं वाळायला लागली. ती कृषी खात्यातली मुलगी पुन्हा आली. ह्या वेळी ती ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि मगच बोलली. म्हणाली, आजारी झाडं ठेवली तर उरलेली पण जातील. काढा. भासऱ्यांनी विचारलं, किती? तिनं त्यांच्या बगीच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, काका, तुमच्याकडचा जवळपास सगळाच.

भासरे रोज सकाळी बगीच्यात जायचे, झाडांना हात लावायचे, वाळलेली फांदी मोडून पाहायचे. जाऊ म्हणाली की ते रात्री जेवत नाहीत. पुढे एक दिवस त्यांनीच जेसीबी बोलावला. मी दवाखान्यात जायला निघाले होते, स्कूटी बंद करून थांबले. जेसीबीचा पंजा झाडाच्या बुडात शिरायचा, झाड हलायचं, मग मुळांसकट मातीचा गोळा वर यायचा. सासऱ्यांनी आणि भासऱ्यांनी ज्या खड्ड्यांत लावलं होतं त्याच खड्ड्यांतून. भासरे उभे राहून दाखवत होते, हे, आता हे. मालक घरातून निघाले आणि जाऊन त्यांच्या बाजूला उभे राहिले. मला ऐकू यावं इतक्या अंतरावर होते.

मालक म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी मी जे बोल्लो..."

"राहू दे," भासरे म्हणाले. नजर जेसीबीवरच होती. "आता ते बोलून का करतं? जे बोलाचं ते वावराचं बोल." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "तुह्याकडचे किती राह्यले?"

मालकांनी सांगितलं, अर्धे राहतील बहुतेक.

"मंग तेवढे सांभाय," भासरे म्हणाले.

मी स्कूटी सुरू केली. दवाखान्यात त्या दिवशी पेशंट खूप होते. एका बाईची शीर सापडत नव्हती. दोनदा सुई टोचावी लागली आणि ती ओरडली. मी तिला सॉरी म्हटलं. दिवसभर मला झोप येत होती. रडू येईल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. नुसती झोप येत होती.

पुढं सांगण्यासारखं फार नाही. भाऊ एकत्र झाले असं कोणी म्हटलं तर मी हो म्हणते, पण मला माहीत आहे की तसं पूर्ण नाही. ते बोलतात. वावराचं बोलतात, लाइनीचं बोलतात, माय जेवली का ते विचारतात. सणाला एकमेकांच्या घरी जेवायला जात नाहीत. जुन्या गोष्टी निघाल्या की दोघंही उठून जातात. तरी आमच्या उरलेल्या झाडांना नवती आली की भासरे सकाळीच येतात आणि नळी हातात घेतात. त्यांच्याकडे आता एकही झाड नाही. मी एकदा म्हटलं, भाऊजी, तुम्ही कशाला, हे मजूर लावतील. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. मला रविवारी आता नळी ओढावी लागत नाही. आधी वाटलं होतं की त्यानं मी ताजीतवानी होईन. तसं झालं नाही. थकवा एकदा अंगात बसला की काम कमी झाल्यानं लगेच उतरत नाही, हे मला आता कळलं आहे.

मोकळ्या झालेल्या जागेत भासऱ्यांनी तूर पेरली. जाऊ म्हणते की पुढं सीताफळ लावू, त्याला सायला लागत नाही. भासरे म्हणतात, लागणारं दुसरं काही निघेल. दोघं ह्यावर वाद घालत नाहीत. तूर काढून झाल्यावर पाहू म्हणतात. जाऊ मात्र दुपारी दार लावून घेत नाही. हातातलं काम घेऊन ती आमच्या ओट्यावर येते. कधी शेंगा, कधी निवडायचे तांदूळ. आम्ही फारसं बोलत नाही. दोघींना एका जागी बसून राहणं बरं वाटतं.

मागच्या रविवारी सासूबाईंनी बाज बाहेर टाकायला सांगितली. मी बाज ओट्यासमोर सावलीत टाकली, त्यांना धरून बसवलं. त्या बराच वेळ भासऱ्यांच्या वावराकडे पाहत होत्या. तूर गुडघ्याएवढी होती, वाऱ्यानं हलत होती. पूर्वी तिकडे झाडांची भिंत होती, पलीकडचं काही दिसायचं नाही. आता थेट रस्ता दिसतो. एक एसटी गेली, मागून दोन मोटरसायकली.

"आता इथून रस्ता दिसते," त्या म्हणाल्या. "कोन आलं, कोन गेलं, सारं समजते."

मी हो म्हटलं. चहा ठेवायचा होता, कपडे वाळत घालायचे होते, बादली भरून ठेवली होती. तरी मी उठले नाही. त्यांच्या पायांशी बाजेवर बसले आणि रस्त्याकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळानं ओट्यावर शेंगा सोलत बसलेली जाऊच आत गेली आणि तिनं चहा ठेवला.